मखमलीतला लिव्हिओ

रोव्हेरेताला मी आले ती सत्तेचाळीस साली, शाळामास्तरीण म्हणून. माझं गाव खाली कालाब्रियात, समुद्राच्या काठी. तिथून इथे आपेनीनच्या डोंगरात पोचेपर्यंत माझी हाडं खिळखिळी झाली होती, आणि आल्या आल्या बारमध्ये एकाने विचारलं, "तुमच्या दक्षिणेत बायका पायात बूट घालतात का हो?" मी म्हटलं, "घालतात, आणि गरज पडली तर हातातही घेतात." त्यानंतर मला कुणी फारसं डिवचलं नाही.

खरी अडचण बोलण्याची होती. हे लोक आपसांत डोंगरी बोली बोलत, ती मला कळेना. माझी घरची बोली त्यांना कळली नसती. वर्गात मी पुस्तकातली इटालियन बोलायची आणि पोरं माझ्याकडे अशी बघायची, जशी काही मी पाद्रीबुवांची लॅटिनच झाडते आहे. कागदोपत्री आम्ही सगळे एका देशाचे होतो. पण त्या देशाची भाषा गावात बोलणारे तिघेच, मी, पाद्री आणि बारमधला रेडिओ.

मग ऑगस्ट आला आणि माज्जो आला, या डोंगरातलं गाण्यातलं नाटक. नाव मे महिन्याचं असलं तरी आमच्या उंचीवर मेमध्ये अजून दात वाजतात, म्हणून तो गायचा उन्हाळ्यात. गावामागच्या माळावर, चेस्टनटच्या झाडांखाली, गावातलीच माणसं काळी जरतारी मखमल घालून, डोक्यावर तुरेवाली शिरस्त्राणं चढवून राजे आणि सरदार होतात आणि अख्खी दुपार गातात. पेल्लेग्रीनो लाकूडतोड्या वर्षभर माझ्याशी नुसती मान हलवून बोलायचा. तो लाकडी तलवार उपसून पुढे आला आणि खणखणीत इटालियनमध्ये गायला लागला, आणि मला शब्द न् शब्द कळला. मी गवतावर बसून ढसाढसा रडले. या लोकांना देशाची भाषा येत होती. फक्त ती राजाच्या कपड्यांतच वापरायची असते, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती.

आता मी सांगते ती गोष्ट एकसष्ट सालची. इटली एक झाली त्याला शंभर वर्षं झाली म्हणून देशभर पताका लागल्या होत्या. जिल्ह्याच्या समितीने आम्हाला एक तयार नाटक पाठवलं आणि कळवलं की यंदा जुनेपाने सरदार बाजूला ठेवा आणि हे करा. ओरेस्तेने ते बारमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. ओरेस्ते म्हणजे आमचा प्रॉम्प्टर. आमच्या माज्जोत प्रॉम्प्टर पडद्याआड लपत नाही. तो हातात वही घेऊन माळावर उघडपणे हिंडतो आणि प्रत्येक गाणाऱ्याच्या कानाशी पुढची ओळ सांगतो, त्यामुळे आमचे राजे पाठांतराच्या भानगडीत पडत नाहीत.

"शेवटच्या प्रवेशात," ओरेस्ते वाचत होता, "साक्षात इटली अवतरते. शुभ्र वस्त्रं, डोक्यावर मुकुट, हातात तलवार."

"कोण होणार इटली?" कुणीतरी विचारलं.

खाटकाची बायको केस सावरायला लागली.

"तिचे गुडघे गेलेत," अन्सेल्मो म्हणाला. "अवतरेल, पण मग परत कोण नेणार तिला?"

सगळे हसले, खाटीक सोडून. अन्सेल्मो आमच्या गाणाऱ्यांचा म्होरक्या. चाळीस वर्षं दर माज्जोत राजा तोच. एरवी दगडाच्या भिंती रचायचा आणि चेस्टनट वेचायचा. त्याने शब्द टाकला की गाव ऐकायचं, कारण आवाज तर होताच, पण युद्धात त्याने जे सोसलं होतं त्यापुढे कुणाची मान वर होत नसे.

हसणं थांबेपर्यंत निवेस कोपऱ्यात उभी राहिली होती. "मी एक लिहिलाय," ती म्हणाली. "नवा माज्जो. आपलाच."

निवेस माझी विद्यार्थिनी. चोविशीची होती तेव्हा. चार वर्षं जेनोव्हात एका वकिलाकडे घरकाम करून नुकतीच परत आली होती. त्या वकिलाच्या कपाटात युद्धानंतर निघालेल्या नव्या कादंबऱ्या होत्या, आणि धूळ झटकता झटकता हिने त्या सगळ्या वाचल्या. सुट्टीत आली की माझ्या स्वयंपाकघरात बसून तेच सांगायची. "मास्तरीणबाई, एका पुस्तकात एक म्हातारी चेस्टनटच्या पिठाची लापशी ढवळते. छापलेल्या पुस्तकात. आणि पोरं डोंगरात लपलीत, आणि पाय गारठलेत, आणि घाबरलीतसुद्धा. मला वाटायचं पुस्तकात फक्त रोमचे लोक असतात." मी तिला म्हटलं होतं, मग तूही लिही. बोलायला माझं काय जातं? पण त्या पोरीने ते मनावर घेतलं आणि वकिलाची नोकरी सोडून आली. घरचे माझ्यावरच डोळे वटारून होते.

"कशावर आहे?" ओरेस्तेने विचारलं.

"चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरवर," निवेस म्हणाली. "लिव्हिओवर."

सगळ्या माना अन्सेल्मोकडे वळल्या. लिव्हिओ अन्सेल्मोचा एकुलता एक मुलगा. एकोणीस वर्षांचा, जर्मनांशी लढणाऱ्या डोंगरातल्या बंडखोर पोरांत सामील झालेला. चेस्टनट सुकवायच्या धुराच्या खोपटात तो लपला होता. त्या खोपटाची चोरवाट दाखवत जर्मन सैनिकांना वर नेलं ते गावच्याच जिल्दोने, फॅसिस्टांचा काळा सदरा घालून. लिव्हिओला त्यांनी खाली आणून चर्चसमोर गोळी घातली आणि हुकूम काढला की प्रेताला कुणी हात लावायचा नाही. दोन दिवस तो तिथे पडून होता. अन्सेल्मो चौकाच्या कडेला उभा होता, दोन्ही दिवस, आणि त्याला पुढे जाऊ दिलं नाही. निवेस तेव्हा सात वर्षांची होती. तिने हे खिडकीतून पाहिलं होतं.

अन्सेल्मोने ग्लास खाली ठेवला, टोपी घातली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी निवेस त्याच्या घरी गेली, आणि मला बळेच बरोबर नेलं. अन्सेल्मो अंगणात दगड फोडत बसला होता. आम्हाला बघून त्याने हातोडी खाली ठेवली नाही.

"काका," निवेस म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर मी वही चुलीत घालीन आणि जेनोव्हाला परत जाईन. पण एकदा ऐका तरी."

"कोण कोण आहे त्यात?"

"पोरं आहेत. जर्मन आहेत. बाप आहे. तो तुम्ही."

"आणि राजा?"

"राजा नाही."

"म्हणजे बघा मास्तरीणबाई," तो माझ्याकडे वळला, "वर्षातून एक दिवस मी राजा असतो. बाकी सगळं वर्ष चेस्टनट वेचतो. ही मला त्या एका दिवशीसुद्धा चेस्टनट वेचायला लावणार."

"काका, ते राजे कुणाचे होते कुणाला ठाऊक," निवेस म्हणाली. "तुम्ही आमचे आहात."

"गोड बोलून झाडावर चढवू नकोस. या वयात पडलो तर हाडं जुळायची नाहीत." मग दगडावर दोन घाव घालून त्याने विचारलं, "घालणार काय अंगात?"

"जे होतं तेच. लिव्हिओचा तो फाटका फौजी कोट, दोरीचा पट्टा. नव्या पुस्तकांत सगळं खरं असतं तसं."

अन्सेल्मोने हातोडी ठेवली. "नाही," तो म्हणाला. "फाटक्या कोटात तो एकदा मेला. दुसऱ्यांदा मरायचा असेल तर माझा मुलगा मखमलीत मरेल. शिरस्त्राण घालून. वर पांढरा तुरा. राजपुत्र मरतो तसा."

मला वाटलं, झालं, आता लोक हसून लोळणार. तुरेवाला बंडखोर आणि तुरेवाले जर्मन. निवेसच्या चेहऱ्यावरही तेच होतं. पण तिने बघितलं की म्हातारा हो म्हणतोय, आणि शहाण्यासारखी मान डोलावली.

"आणि दगाबाजाचं काम एर्मेसने करायचं," अन्सेल्मो म्हणाला.

एर्मेस म्हणजे जिल्दोचा मुलगा. जिल्दो युद्ध संपताच बेल्जियमच्या खाणींत पळाला तो परतला नाही. बायको आणि पोर मागे राहिले. गाव काही वाईट वागलं नाही त्यांच्याशी, म्हणजे कुणी दगड मारले नाहीत. कामाला बोलवत, पैसे देत, फक्त बोलत नसत. एर्मेस माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि मी नाव घेतलं तरी दचकायचा. आता पंचवीस वर्षांचा झाला होता आणि मेंढ्या राखायचा. आवाज असा की वरच्या कुरणात गायला लागला तर खाली धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवत. पण माज्जोत त्याला कुणी कधी घेतलं नव्हतं.

"एर्मेस तेव्हा आठ वर्षांचा होता, काका," निवेस म्हणाली.

"लिव्हिओ एकोणीसचा होता," अन्सेल्मो म्हणाला आणि पुन्हा हातोडी उचलली. तेवढ्यावर बोलणं संपलं.

वाटेत निवेस इतकी चिडली होती की मला तिच्याबरोबर चालता येईना. "बापाचं पाप पोराच्या तोंडून वदवायचं? असलं मी लिहिलेलं नाही. त्यापेक्षा नको तो माज्जो." मी म्हटलं, एर्मेसला विचार तरी. त्याच्याशी न बोलताच तू त्याच्या वतीने रागावून घेतेस, हेही गावच्यासारखंच झालं. ते तिला लागलं, पण ती गेली, मलाही घेऊन.

एर्मेसने मेंढीच्या खुरातला काटा काढता काढता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गातो."

"अरे, दगाबाजाचं काम आहे. तुझ्या बापाचं."

"कळलं गं. गातो." त्याने मेंढी सोडली. "गावाने आजवर माझ्याकडे काही मागितलंच नव्हतं."

घरी पोचताच निवेसने वही उघडली आणि दगाबाजाच्या कडव्यांपुढे एर्मेसचं नाव लिहिलं. 

तालमी पेल्लेग्रीनोच्या गवताच्या कोठारात सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी एर्मेस पुढे आला, ओरेस्तेने कानाशी ओळ सांगितली, आणि एर्मेस गायला. चोरवाट दाखवतानाचं कडवं होतं. एक कडवं झालं, दुसरं झालं. खाटकाच्या बायकोने रुमाल काढून डोळे पुसले. अकॉर्डियन वाजवणारा वाजवायचं विसरला.

"थांबवा," अन्सेल्मो ओरडला. "हे चालायचं नाही."

निवेस उभी राहिली. "काका, तुम्हीच..."

"माझ्यावर डोळे काढू नकोस. आवाज ऐक त्याचा. दगाबाजाचा आवाज जाड असतो. माझ्या आज्याच्या काळापासून जाड असतो. एवढ्या उंच, गोड आवाजात दगा दिला तर बायका रुमाल कुणासाठी काढणार? ही बघ, काढलाच हिने."

"मला सर्दी झालीये," खाटकाची बायको म्हणाली.

"उंच आवाजाचा असतो तो मरतो," अन्सेल्मो म्हणाला. "तसाच कायदा आहे माज्जोचा."

तो बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो. त्याने कोठारात नजर फिरवली. उंच आवाजाचा आमचा नेहमीचा गडी वसंतातच तोरिनोला मोटारीच्या कारखान्यात गेला होता. बाकी सगळे पन्नाशीचे घोगरे. मरण्याजोगा आवाज अख्ख्या गावात एकच उरला होता, एर्मेसचा, आणि हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. मला वाटलं आता हा उठून जाईल आणि सगळंच बारगळेल.

अन्सेल्मो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गायक म्हणून त्याला काय वाटतं आणि बाप म्हणून काय वाटतं, याचं आत भांडण लागलं होतं, ते त्याच्या मानेवरून दिसत होतं.

"गाऊ दे त्याला," शेवटी तो भिंतीलाच म्हणाला. "पण मी त्याच्याकडे बघणार नाही. माझा प्रवेश तो गेल्यानंतरच आहे ना?"

"हो काका," निवेस म्हणाली. "नेहमीसारखंच. तो मरतो, उठून तंबूत जातो, मग तुम्ही येता."

आमच्याकडे असंच असतं. माज्जोत मेलेला माणूस पडून राहत नाही. खाली आधीच चादर अंथरलेली असते, मखमल मळू नये म्हणून. त्यावर तो रीतसर पडतो, पडल्या पडल्या शेवटची कडवी गातो, मान टाकतो. मग जरा वेळाने उठतो, कुणीतरी त्याला वाइनचा ग्लास देतं, आणि तो तुरा सावरत माळाच्या कडेच्या, गाणाऱ्यांच्या तंबूत निघून जातो. लोक टाळ्या वाजवतात. शहरातली माणसं आली की खो खो हसतात. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पुढच्या प्रवेशाला जागा नको का रिकामी?

दगाबाजाचं काम पेल्लेग्रीनोकडे आलं. "आता मला बेकरीत पाव मिळायचा नाही," तो महिनाभर सांगत सुटला होता, आणि खरोखरच एकदा बेकरीवालीने त्याला करपलेला पाव दिला.

माज्जोचा रविवार उजाडला. लख्ख ऊन होतं, पण आदल्या दिवशीच्या पावसाने माळ अजून गार होता. आसपासच्या गावांतून लोक खाण्याच्या टोपल्या घेऊन आले. जिल्ह्याच्या समितीतले एक गृहस्थ पुढच्या बाकावर माझ्याशेजारी बसले होते, मांडीवर हॅट ठेवून. आम्ही त्यांचं नाटक केलं नाही म्हणून ते थोडे रुसले होते, पण माणूस सभ्य होता. दर प्रवेशानंतर माझ्याकडे वाकून विचारायचे, "बाई, यात इटली कधी येते?"

"बसा," मी म्हणायची. "येईल."

सुरुवातीला लोक हसले, मला वाटलं होतं तसेच. पहिला जर्मन अधिकारी पिवळा तुरा हलवत आला तेव्हा झाडाखालची पोरं फिदीफिदी हसली. निवेस तंबूच्या दोरीला धरून उभी होती, आणि तिचा जीव टांगणीला लागलेला मला लांबून दिसत होता. मग पेल्लेग्रीनोने जाड आवाजात चोरवाट दाखवली, आणि हसणं आपोआप थांबलं. सगळ्यांना ती वाट माहीत होती. बसल्या जागेवरून ती दिसतसुद्धा होती.

एर्मेस मधोमध आला. काळी मखमल, पांढरा तुरा. जर्मन अधिकाऱ्याने लाकडी तलवार उगारली, एर्मेस चादरीवर पडला, आणि पडल्या पडल्या त्याने गायला सुरुवात केली. ओरेस्ते शेजारी गुडघ्यावर बसून ओळ सांगत होता.

आई, दार नको लावू,
थंडी आली डोंगराला;
कोणी पुसे नाव, त्याला
सांग माझे, नको भिऊ.

माझ्यामागे एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "हे तर पुस्तकातल्यासारखं झालं की. पण आपलंच." मला त्या क्षणी निवेसचा इतका अभिमान वाटला की मी समितीच्या गृहस्थांचा हात घट्ट धरला. ते बिचारे गोंधळले.

एर्मेसने मान टाकली. व्हायोलिन वाजलं. खाटकाची बायको ग्लास घेऊन पुढे आली. आता त्याने उठायचं होतं.

तो उठला नाही.

"ऊठ," ओरेस्ते कुजबुजला, आणि सगळ्यांना ऐकू गेलं. एर्मेसने डोळे घट्ट मिटले होते. व्हायोलिनवाल्याने तीच धून पुन्हा घेतली. संपली, पुन्हा घेतली. खाटकाची बायको ग्लास घेऊन तशीच उभी, आणि काही न सुचून तिने त्यातला एक घोट स्वतःच घेतला. टाळ्या वाजवायला उचललेले हात खाली आले. काळी मखमल घातलेला मुलगा माळावर पडलेला, आणि भोवती सगळं गाव गोल करून नुसतं बघत. हे दृश्य आम्ही बसवलं नव्हतं. पण पंचविशीच्या पुढच्या प्रत्येकाने ते एकदा पाहिलेलं होतं. पुढे व्हायला कुणी धजेना, तेव्हासारखंच.

पुढे कधीतरी एर्मेसने मला सांगितलं, की उठायचं म्हणून त्याने डोळे उघडले होते. पण तंबूच्या फटीत त्याला अन्सेल्मो दिसला. "म्हटलं, यांच्या मुलाला उठता आलं नाही. मी कुठल्या तोंडाने उठू? पायच उचलेनात, बाई."

अन्सेल्मो तंबूतून बाहेर आला. एर्मेस उठून गेला असेल, जागा मोकळी असेल, अशा समजुतीने आला होता तो. चार पावलं आला, आणि थांबला. मी जन्मात कुणाचा चेहरा असा होताना पाहिला नाही, आणि पुन्हा पाहायचीही इच्छा नाही. मला वाटलं आता हा कोसळतो, नाहीतर पोराला लाथ घालतो. निवेसने दोरी सोडून दिली होती आणि तोंडावर दोन्ही हात धरले होते.

अन्सेल्मोने शिरस्त्राण काढलं आणि ओरेस्तेच्या हातात दिलं. मग तो खाली वाकला. म्हाताऱ्या गुडघ्यांचा आवाज पुढच्या बाकापर्यंत आला. त्याने एर्मेसच्या दोन्ही काखांत हात घातले.

"ऊठ रे पोरा," तो म्हणाला. गाऊन नाही, आणि इटालियनमध्येही नाही, आमच्या डोंगरी बोलीत, घरात म्हणतात तसं. "ऊठ. जमीन गार आहे."

एर्मेस चांगला उंचापुरा गडी. पण त्या म्हाताऱ्याने त्याला उचलला. उभा केला, पाठ झटकली, तुरा सरळ केला. तरी हात सोडला नाही. एका हाताने त्याला दंडाला धरून ठेवून त्याने बापाच्या विलापाची कडवी सुरू केली, चारही. त्या कडव्यांत बाप विचारतो की बाळा तू कुठे आहेस, आणि बाळ तर शेजारी उभं राहून गालांवरून पाणी ओघळू देत होतं. कुणाला ते विसंगत वाटलं नाही. ओरेस्ते वहीची पानं उलटत राहिला, डोळ्यांत पाणी भरल्याने त्याला अक्षर दिसेना, आणि ओळ सांगायला कुणीच उरलं नाही. अन्सेल्मोला गरजही पडली नाही. चाळीस वर्षांत ज्या राजाने एक ओळ कधी पाठ केली नव्हती, त्याला ती चारही कडवी तोंडपाठ होती.

माझ्या शेजारचे गृहस्थ उभे राहिले होते. मग सगळेच उभे राहिले. इटलीचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

माज्जो झाला की गाणारे आणि गाव एकत्र जेवतात, तिथेच झाडांखाली, लांबलचक टेबलांवर. मक्याच्या पिठाची पोलेंता होती, मेंढीचं चीज होतं. एर्मेसची आई एर्सिलिया इतकी वर्षं कधी आली नव्हती, ती चेस्टनटचा केक घेऊन झाडाआड उभी होती. बेकरीवाली बाकावर सरकली आणि "बसा की, उभ्या काय राहिलात" म्हणाली, एवढंच. पेल्लेग्रीनो आपल्यालाच सगळ्यांत जास्त शिव्या पडल्या म्हणून खूश होता.

ओरेस्ते मात्र घुश्शात होता. "मी साठ वर्षं माज्जो बघतोय," तो अन्सेल्मोला म्हणाला. "प्रवेशाच्या मध्ये कुणी घरची बोली बोललेलं ऐकलं नाही. माझ्या वहीत ते वाक्यच नव्हतं."

"नव्हतं," अन्सेल्मोने कबूल केलं. तो एक हात कमरेला लावून जेवत होता. मग त्याने टेबलापलीकडे निवेसला हाक मारली. "पोरी, ते लिहून ठेव वहीत. पुढच्या वर्षी मी विसरलो तर याने सांगायला हवं."

निवेसने पेन्सिल शोधली. "इटालियनमध्ये घालू?"

"बोललो तसंच घाल."

तिने ओरेस्तेच्या वहीत, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत, ते तसंच लिहिलं. ओरेस्तेने चष्मा लावून पाहिलं, नाक मुरडलं, आणि वही परत मागून घेताना शाई पुसली जाऊ नये तशी जपून उघडी धरली, वास्तविक ती पेन्सिल होती.

टेबलाच्या त्या टोकाला एर्मेस ताटात बघत बसला होता. त्याने मान वर केली.

"आणि मी?" त्याने विचारलं. "मी केव्हा उठायचं?"

अन्सेल्मोने त्याच्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर, सरळ पाहिलं.

"मी हात देईन तेव्हा," तो म्हणाला. "त्याआधी नाही."